लाकडी नेमप्लेटमधला उकार का तुटतो? स्क्रोल सॉसाठी लाकूड निवडताना काय बघायचं?

लाकडातून नावं, प्राणी, समया कापून काढणारे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. तीस सेकंदात सगळं लोण्यासारखं कापलं जातं. मग कुणीतरी मशीन घेतं, तीन तास बसून घरासाठी नेमप्लेट कापतं आणि शेवटी पॉलिश पेपर मारताना अक्षराचा पाय तुटून हातात येतो. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. लाकूड कुठलं घेतलं आणि ते कोणत्या दिशेने ठेवलं, तिथेच गडबड झालेली असते.

आधी मशीनबद्दल दोन ओळी. स्क्रोल सॉ म्हणजे शिलाई मशीनसारखी चालणारी करवत. सुईच्या जागी दाते असलेलं बारीक ब्लेड वर-खाली होतं आणि आपण लाकूड फिरवत नेतो. ब्लेड बारीक असल्यामुळे अगदी अरुंद वळणंही घेता येतात. पण अरुंद वळण म्हणजे बारीक भाग, आणि तुटतात ते हेच भाग.

रेषा म्हणजे नक्की काय?

दातांनी ऊस सोलताना साल उभी निघते, आडवी ओढली तर निघत नाही. जळणाचं लाकूडही कुऱ्हाडीने उभंच फुटतं. कारण झाडातले तंतू खोडाच्या लांबीने एकमेकांना चिकटून उभे असतात. तंतू मधोमध तोडायला खूप ताकद लागते, पण दोन तंतू एकमेकांपासून सुटायला थोडीशीच पुरते. फळीवर दिसणाऱ्या लांब रेषा ही साधारणपणे या तंतूंची दिशा असते. इंग्रजीत तिला ग्रेन म्हणतात.

विश्वास बसत नसेल तर उरलेल्या तुकड्यातून बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एकीत रेषा लांबीने जाऊ द्या, दुसरीत आडव्या. दोन्ही हातांनी वाकवून बघा. दुसरी पट्टी बिस्किटासारखी मोडते.

आता 'कुलकर्णी' कापू

इंग्रजी व्हिडिओंमध्ये सुटी अक्षरं असतात. आपल्याकडे शिरोरेषा आहे, त्यामुळे तिथले सल्ले जसेच्या तसे चालत नाहीत. 'कुलकर्णी' लाकडातून कापलं की सगळी अक्षरं त्या एका आडव्या पट्टीला लटकतात.

समजा फळीच्या रेषा उभ्या ठेवल्या. अक्षरांचे दंड मजबूत होतील, पण फूटभर लांबीची शिरोरेषा आडव्या तंतूंची होईल. पाटी एका हाताने उचलली की 'ल' आणि 'क'च्या मध्ये कट्‌! म्हणून रेषा शिरोरेषेच्या दिशेने, म्हणजे आडव्याच ठेवायच्या.

याची किंमत मात्र मोजावी लागते. आता सगळे उभे दंड कच्चे झाले. 'क'चा दंड तरी दोन्ही बाजूंच्या गाठींमुळे थोडा सावरतो, पण 'णी'चा शेवटचा काना एकटाच लटकतो. 'कु'चा उकार तर दंडाच्या टोकाला बारीकशा मानेने चिकटलेला असतो. रफार आणि वेलांटीचंही तेच. उपाय डिझाइनमध्येच करायचा : दंड जाड काढा, उकाराची मान रुंद करा, शेजारची अक्षरं खालीही एखाद्या ठिकाणी एकमेकांना टेकू द्या. अनुस्वार असेल तर तो सुटाच पडणार, वेगळा कापून चिकटवा. अक्षरं मागच्या पाटीवर चिकटवणार असाल तर त्या पाटीच्या रेषाही त्याच दिशेने हव्यात. पावसाळ्यात लाकूड फुगतं ते मुख्यतः रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. दिशा जुळली नाही तर पाटी वाकते किंवा चिरते.

नियम असा : सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जास्त भार घेणारा भाग शोधा आणि रेषा त्याच्या लांबीने जाऊ द्या. उभ्या हरणाचे पाय बारीक, म्हणून रेषा उभ्या. पण गणपतीची सोंड चहूकडे वळते, आणि लहान मुलांच्या जिगसॉ पझलमधल्या निम्म्या खुंट्यांच्या माना कसंही ठेवलं तरी कच्च्याच राहतात. अशा वेळी हट्ट सोडा आणि प्लायवूड घ्या. त्यात पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते दोन्ही दिशांनी तग धरतं.

मग कुठलं लाकूड घ्यायचं?

नाजूक जाळीकामासाठी ३ ते ६ मिमी बर्च प्लाय सगळ्यात बरं. साध्या कमर्शियल प्लायच्या पोटात पोकळ्या निघतात आणि कापताना नेमका तिथलाच कपचा उडतो. विकत घेण्याआधी कड बघा. एमडीएफला रेषाच नसतात, ते स्वस्त आणि गुळगुळीत असतं, पण पाणी लागलं की फुगतं. दाराबाहेरच्या पाटीसाठी ते घेऊ नका.

बाहेरच्या पाटीला सागवानच. ते पावसाला टिकतं आणि फार हलत नाही. मात्र त्यात सिलिका असते, त्यामुळे ब्लेड लवकर बोथट होतं. जुनी दारं-खिडक्या विकणाऱ्यांकडे सागाच्या वाळलेल्या फळ्या मिळतात, फक्त खिळे तपासून घ्या. शिसव देखणं, पण कठीण आणि महाग, पहिल्या प्रयोगासाठी अजिबात नको. पॅकिंगच्या खोक्यातलं पाईन हात बसवायला ठीक आहे, पण त्यात एक कडक पट्टा, एक मऊ पट्टा असं असतं आणि ब्लेड मऊ भागाकडे सरकतं. वळण बिघडलं तर स्वतःला फार दोष देऊ नका. वखारीतून ताजं, ओलं लाकूड उचलू नका. वाळताना ते आकसतं आणि पिळतं.

एक गोष्ट रील्समध्ये दिसत नाही : मास्क. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या घटकांच्या यादीत आहे. सागवान आणि शिसवाच्या भुशाने काहींना खाज आणि दम्यासारखा त्रासही होतो. रुमाल बांधून भागत नाही. एन-९५ लावा आणि बंद बेडरूमऐवजी गॅलरीत बसा.