उरलेले आणि पुसलेले : ब्रिटिश गुन्हेपटांच्या पुनरुज्जीवित आवृत्त्या

लोकप्रिय कलाप्रकाराचा इतिहास लिहिताना अभ्यासक उपलब्ध साधनांवर विसंबतो. ती साधनेच का उपलब्ध राहिली, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश गुन्हेपट आणि पोलिसी मालिका गेल्या काही वर्षांत डीव्हीडी व ब्लू-रे तबकड्यांच्या रूपाने पुन्हा प्रकाशात आल्या आहेत. त्या निमित्ताने हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

प्रथम एडगर वॉलेस मालिकेचा विचार करू. वॉलेस 1932 साली निवर्तला; त्याच्या कथांवर कमीअधिक आधारलेले पंचेचाळीसहून अधिक चित्रपट 1960 ते 1965 या काळात, मुख्यत्वे लंडनच्या मर्टन पार्क स्टुडिओत, अँग्लो-अमाल्गमेटेड या संस्थेसाठी निर्माण झाले. निर्माता होता जॅक ग्रीनवुड. प्रत्येक चित्रपट सुमारे तासाभराचा. मुख्य चित्रपटाच्या आधी खेळात भर घालणे, एवढेच त्याचे प्रयोजन होते. कथा एकोणीसशे साठच्या लंडनमध्ये आणलेल्या असत; काहींत वॉलेसचे नावापलीकडे फारसे काही उरलेले नसे. एकदा पाहावे आणि विसरावे, अशाच अपेक्षेने ही निर्मिती झाली होती.

2012 पासून नेटवर्क या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने हे चित्रपट क्रमवार खंडांत आणले आणि त्यांचे स्वरूपच पालटले. जे पूरक होते ते स्वतंत्र झाले. जे सुटे होते ते संग्रह झाले. धुक्यात फिरणारा वॉलेसचा अर्धपुतळा आणि त्यासोबतची शीर्षकधून ही मूळ प्रेक्षकाच्या दृष्टीने केवळ नांदी होती. आज सलग चित्रपट पाहणाऱ्याला तीच मालिकेच्या एकात्मतेची खूण वाटते. ‘सोलो फॉर स्पॅरो’ (1962) मधील छोट्या भूमिकेतला मायकेल केन आता आवर्जून शोधला जातो, कारण पुढे तो कोण झाला हे आपल्याला ठाऊक असते. म्हणजेच तबकडी ही मूळ संहिता नव्हे. ती एक आवृत्ती होय, आणि प्रत्येक आवृत्तीला संपादक असतो.

हा संपादक कोण, याचे उत्तर दूरचित्रवाणीच्या इतिहासात सापडते. बीबीसीची ‘झी कार्स’ ही मालिका जानेवारी 1962 मध्ये सुरू झाली. लिव्हरपूलजवळील कर्कबी या नव्या वसाहतीवर बेतलेल्या काल्पनिक नगरात गस्त घालणारे तिचे पोलीस चिडणारे, चुकणारे, घरी भांडणारे होते. तोवर ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’मधील वडीलधाऱ्या शिपायाला सरावलेल्या प्रेक्षकाला हा धक्काच होता. परंतु ‘झी कार्स’चे निम्म्याहून अधिक भाग आज उपलब्ध नाहीत. प्रारंभीचे भाग थेट प्रक्षेपित होत. चित्रफीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरली जाई, पुनःप्रक्षेपणावर कलावंतांच्या करारांची बंधने असत, आणि घरी बसून जुने कार्यक्रम विकत घेऊन पाहण्याची बाजारपेठ कुणाच्या कल्पनेतही नव्हती.

‘दि अव्हेंजर्स’चे उदाहरण याहून बोलके आहे. 1961 सालच्या पहिल्या पर्वाच्या सव्वीस भागांपैकी तीन पूर्ण भाग आणि पहिल्या भागाचा आरंभ एवढेच आज हाती आहे. त्या पर्वाचा नायक होता डॉक्टर डेव्हिड कील. वाग्दत्त वधूच्या हत्येचा तो सूड घेतो, आणि त्यावरूनच मालिकेला ते नाव पडले. पुढे अमेरिकन बाजाराकडे पाहून 1965 पासूनचे भाग 35 मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले. साहजिकच स्टीड आणि एमा पील यांची झगमगीत जोडी लोकस्मृतीत राहिली. नावाचे कारण मात्र पुसले गेले.

यावर असा आक्षेप संभवतो की, फिल्मवर टिकलेले सारेच गुळगुळीत नव्हते. हे खरे आहे. मँचेस्टरच्या रस्त्यांवर चित्रित झालेला व्हॅल गेस्टचा ‘हेल इज अ सिटी’ (1960), किंवा समलिंगी पुरुषांना धमकावून पैसे उकळण्याच्या गुन्ह्यावर बेतलेला बेझिल डिअर्डनचा ‘व्हिक्टिम’ (1961) यांत त्या समाजाचे ताण स्पष्ट दिसतात. ‘व्हिक्टिम’नंतर सहा वर्षांनी, 1967 साली, इंग्लंडमधील संबंधित कायदा सैल झाला. परंतु हे चित्रपट एकेकटे उभे आहेत. आठवड्यामागून आठवडा घरोघरी पोहोचणारे, पोलिसाकडे पाहण्याची सवयच बदलणारे जे रूप होते, त्याची साखळी तुटलेली आहे. अपवाद उरले आणि नित्याचे गेले, तर इतिहासकार अपवादालाच काळाचा स्वभाव समजू लागतो.

तात्पर्य, येथे निवड केली ती गुणवत्तेने नव्हे, तर माध्यमाच्या द्रव्याने, हक्कांच्या मालकीने आणि विक्रीच्या अंदाजाने. हा संपादकही चिरस्थायी नाही : 2023 साली नेटवर्कचा व्यवहार बंद पडला, आणि पुनरुज्जीवित प्रतीही दुर्मीळ होण्याच्या वाटेला लागल्या. पाठचिकित्सक हस्तलिखितातील गळालेल्या पानांची नोंद अर्थनिर्णयाआधी करतो. लोकप्रिय दृश्यसंहितांच्या अभ्यासकालाही तीच शिस्त पाळावी लागेल. प्रतिमा जितकी स्वच्छ, तितकी तिच्या पूर्णतेविषयीची भ्रांती अधिक; म्हणून पडद्यावरचा ओरखडा पुसला गेला असला, तरी समीक्षेने तो आपल्या वाचनात राखून ठेवला पाहिजे.