वुल्फवॉकर्स

टॉम मूर व रॉस स्टुअर्ट यांनी दिग्दर्शित केलेला आयरिश अॅनिमेशन चित्रपट (२०२०). इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजेने आयर्लंडातील किलकेनी शहर सर केले त्या १६५० सालात, इंग्रजी अंमलाखालील त्याच शहरात तो घडतो. अरण्य तोडून जमीन लागवडीस आणावी आणि लांडग्यांचा समूळ बंदोबस्त करावा, या सरकारी फर्मानानुसार आलेल्या इंग्रज शिकाऱ्याची कन्या रॉबिन तटाबाहेर जाते, तेव्हा निद्रिस्त देहातून लांडगीच्या रूपाने बाहेर पडणारी मेव्ह तिला भेटते. आणि पित्याची आज्ञा व मैत्रिणीचा विश्वास यांच्या ओढाताणीत रॉबिनचे बालपण संपते.

कथेचे मूळ किलकेनी ज्या प्राचीन ऑसरी राज्यात मोडत असे, तेथील लांडगे-मानवांच्या आख्यायिकांत आहे. बाराव्या शतकातील वृत्तांतकार जेराल्ड ऑफ वेल्स याने मरणासन्न सहचरीसाठी धर्मगुरूकडे अंतिम संस्कार मागणाऱ्या, मनुष्यवाणीने बोलणाऱ्या लांडग्याची हकीकत नोंदली आहे. तिच्यातील करुणा या चित्रपटातही अभंग उतरली आहे, असे म्हणावेसे वाटते.

नगरदृश्ये काष्ठमुद्रांसारखी ताठ व कोनीय, तर अरण्य पेन्सिलीच्या मोकळ्या, पुसल्या न गेलेल्या रेषांचे: आशय रेषेतूनच बोलावा, ही या कृतीची खरी थोरवी होय. तिची निर्माती संस्था कार्टून सलून (स्थापना १९९९) किलकेनीतीलच आहे. आयर्लंडातील लांडगे मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस नामशेष झाले.