शकुंतलेचे मँचेस्टरी इंजिन

वाचकहो, मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरांचा, अवघ्या अडीच फुटी रुळांचा मार्ग. आपल्या वाशीम जिल्ह्यातले कारंजा याच मार्गावर. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्याकरिता इंग्रजी अमदानीत तो घातला गेला. इथल्या 'शकुंतला' गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरात बनले. कापूस जाई त्याच गावी, बरे का! १९२३ पासून ते राबले ते थेट एप्रिल १९९४ पर्यंत. इतकी नोकरी माणसाला तरी कुठली? मग डिझेल आले आणि पुढे गाडीच थांबली.

नागपूरच्या मोतीबागेत लहान रुळांवरची इंजिने जपून ठेवली आहेत. पण चढावर कोळसा किती ओढावा लागे, हे लोखंड सांगत नाही. ते जाणणारे आता म्हातारे झाले. गुरुजनहो, मुलांना वह्या घेऊन आधी त्यांच्याकडे पाठवा. मोतीबाग मागाहून पाहता येईल.