जुनी मोटार आपल्या गावात आली कशी

मैत्रिणींनो, आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास राजा-महाराजांचा नाही. तो आहे वापरलेल्या छोट्या मोटारीचा. जिची डिकी मागे बाहेर आलेली नसते आणि मागचा दरवाजाच वर उघडतो, ती गाडी. हिलाच हॅचबॅक म्हणतात. धानोऱ्यात आणि आजूबाजूच्या गावांत ज्या घरी पहिली चारचाकी आली, तिथे बहुतेक वेळा हीच आली आणि आधी कुणीतरी चालवलेलीच आली. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण सांगताना पूर्वी बायका बियाणं, शेळी, पोरीचं शिक्षण म्हणायच्या. आता त्यात "गाडी" हा शब्द ऐकू येतो, म्हणून हा विषय घेतला. गाडीचा ॲव्हरेज किती, हे घरातल्या पोरांना तोंडपाठ असतं. पण ती कुणाकुणाच्या हातातून आली आणि कागदावर अजून कुणाची आहे, हे विचारणारं कुणी नसतं.

खरं म्हणजे वापरलेली वस्तू पारखून घेणं आपल्या मुलखाला नवं नाही. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे देशभरातून घोडे येतात. घोडा घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो, चालवून बघतो. बैलाचंही तसंच. जनावराला खोड असेल तर विकणारा ती सांगत नाही, ती घेणाऱ्याने ओळखायची. जुन्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणेने भाव ठरवायचे, म्हणजे बाजूला उभ्या माणसालाही आकडा कळू नये. त्या रुमालाखाली बाईचा हात गेल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. घरी आलेल्या बैलाला चारापाणी मात्र तिनेच केलं.

मोटारीचा आणि आपला पहिला संबंध आला तो एसटीमुळे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी खेड्यापाड्यांत पोचली. जिथे ती दिवसातून एकदाच यायची, तिथे नंतर जीप आल्या. आत दहा, मागे लटकलेले चार, टपावर कांद्याच्या गोण्या. स्वतःच्या मालकीची मोटार ही डॉक्टरची, कारखान्याच्या चेअरमनची नाहीतर पुढाऱ्याची गोष्ट होती.

याला कारण नुसती गरिबी नव्हती. त्या काळी कुणी किती मोटारी बनवायच्या, याला सरकारचा परवाना लागायचा. देशात मुख्यतः दोनच गाड्या दिसायच्या. कोलकात्याजवळची ॲम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिला पुढे पद्मिनी नाव मिळालं. ही कुर्ल्याची कंपनी, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली होती. पैसे भरले तरी नंबर लागायला वर्षं जायची. चेतक स्कूटरचंही तेच. म्हणून जुन्या गाडीला उलटा भाव असायचा. नंबर लागलेला माणूस गाडी घेतल्या घेतल्या वरचे पैसे घेऊन विकू शकायचा. आणि एक कडू गोष्ट इथेच सांगून टाकतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी नंबर लागलेली स्कूटर जावयाकडे जात राहिली. पैसे मुलीच्या बापाचे आणि नाव जावयाचं. ही पद्धत स्कूटरबरोबर संपली नाही, चारचाकीच्या मागे लागून ती आजही आपल्या मांडवात येते.

मग आली मारुती. संजय गांधींच्या कंपनीने सत्तरच्या दशकात जनतेची गाडी काढायचा घाट घातला होता, तो काही तडीस गेला नाही. ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली, १९८१ साली मारुती उद्योग स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी जपानच्या सुझुकीशी करार झाला. दहा हजार रुपये भरून लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. ते विमान कंपनीत नोकरीला होते आणि सोडतीत त्यांचा नंबर लागला होता. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आम्हाला यातला एक तपशील फार बोलका वाटतो. ही नवी गाडी घेण्यासाठी त्यांनी आपली जुनी फियाट विकली. म्हणजे ज्या दिवशी देशाला नवी स्वस्त गाडी मिळाली, त्याच सुमारास कुणाला तरी जुनीही मिळाली. तेव्हापासून हेच चालू आहे. शहरात एक नवी गाडी दारात येते आणि एक जुनी गाडी गावाच्या दिशेने निघते.

८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. २००० साली आलेल्या अल्टोचं इंजिनही त्याच मापाचं. या साधेपणामुळेच ती गावात टिकली. नंदुरबारला कुठल्याही गॅरेजात तिचा सुटा भाग मिळतो, आणि मेकॅनिकला पुस्तक उघडावं लागत नाही. १९९८ मध्ये सँट्रो आली, त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात बनलेली टाटांची इंडिका, पाठोपाठ वॅगनआर. बँका गाडीला कर्ज देऊ लागल्या, शहरातले लोक पाच-सात वर्षांत गाडी बदलू लागले. योगायोग असा की आपला नंदुरबार जिल्हाही १ जुलै १९९८ लाच धुळ्यापासून वेगळा झाला, आणि पुढे आपल्या गाड्यांवर एमएच १८ च्या जागी एमएच ३९ लागू लागलं. २००० च्या डिसेंबरात पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. डांबर आलं नसतं तर या बुटक्या गाड्या आपल्याकडे आल्याच नसत्या, कारण त्यांचं पोट खड्ड्याला लागतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांना अजून रस्ता नाही, तिथे आजारी माणूस आजही बांबूच्या झोळीतून खाली आणावा लागतो. त्यांच्या हिशेबात हा सगळा इतिहास अजून घडायचाच आहे.

मधे नॅनो येऊन गेली. २००८ च्या जानेवारीत रतन टाटांनी लाख रुपयांची गाडी दाखवली तेव्हा वाटलं, आता प्रत्येक घरी मोटार. पण "सगळ्यांत स्वस्त" हा शिक्का कुणाला आपल्या दारात उभा करायचा नव्हता, आणि सुरुवातीच्या नॅनोचा मागचा दरवाजा तर उघडतही नव्हता. तेवढ्याच पैशात जुनी पण भरवशाची ८०० मिळत होती. आमच्या मते नॅनोला दुसऱ्या कंपनीने कमी आणि जुन्या गाडीने जास्त हरवलं. २०१४ च्या जानेवारीत ८०० बनायची बंद झाली, २०१८ पर्यंत नॅनोही. रस्त्यावर मात्र ८०० अजून दिसते.

आता आपल्या दारात येणारी गाडी येते कुठून? एक वाट नाशिक-धुळ्याची. दुसरी, आपल्याला जवळची, सुरतेची. गुजरातची हद्द आपल्याला लागूनच, आपली माणसं ऊसतोडीला तिकडे जातात, नातीगोती तिकडे. तिकडचा मोटार कर आपल्यापेक्षा कमी, म्हणून गाडीही स्वस्तात पडल्यासारखी वाटते. शिवाय दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाने बंदी घातल्यापासून तिकडच्याही गाड्या इतर राज्यांत उतरतात. पण राज्य ओलांडून आलेल्या गाडीला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, इथला कर भरावा लागतो, आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो. दलाल सांगतो, "ताई, जीजे पाटीवर कोणी अडवत नाही." वाचलेले तीस हजार असे कर आणि दाखल्यात परत जातात.

सुरतेच्या गाडीबद्दल आणखी एक. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून पाणी सोडलं तेव्हा अर्धंअधिक सुरत तापीत बुडालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी २६ जुलैला मुंबई बुडाली. अशा पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात जातात, आणि पूर काही तेवढेच दोन आले नाहीत. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर भागात गाळाचा रंग दिसतो. पायाखालची चटई उचला, गंज बघा, वास घ्या. मीटर मागे फिरवता येतं, पण ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर मागे फिरत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळसर धूर आला तर ते ऑइल पितंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गॅसवरची गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांची तपासणी झाली आहे का आणि आरसी बुकात गॅसची नोंद आहे का, तेही बघा. दात आणि खूर बघणाऱ्या घरातल्या बाईला यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते कागदाचं. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसी बुकावरही असतो. आधीच्या मालकाने कर्ज घेतलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. नंतर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करायची. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर घ्यायचा. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी पुन्हा करावी लागते. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपयांवर गेली, आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणून तेरा-चौदा वर्षांची गाडी अचानक स्वस्त दिसते.

नावावर न करता गाडी हातोहात विकली तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात दिसतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी जात राहिली, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. २००९ साली अपघात झाला. एक बाई जखमी झाली, तिच्यासोबतच्या नात्यातल्या एकाचा जीव गेला. नुकसानभरपाई कुणी द्यायची, यावर नऊ वर्षं गेली. न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या वहीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी त्याने केव्हाच विकली असली तरी. म्हणजे विकणारा सुटत नाही, आणि ज्याने पैसे मोजले तो कायद्यापुढे मालक ठरत नाही. मार खाल्लेल्या कुटुंबाने मात्र तोवर वाट बघायची.

आमच्या भागातल्या एका ताईचं असंच झालं, अपघात न होता. गटाचं कर्ज तिच्या नावावर, गाडी नवऱ्याने आणलेली, आरसी बुकावर परजिल्ह्यातला कुणी तिसराच. नवरा अचानक गेला. गाडी अंगणात उभी, हप्ता दर महिन्याला हिच्या माथी. विकायची तर सही करणारा माणूस सापडेना, दलालाने फोन उचलणं बंद केलं. गटातल्या बायकांनी चार महिने तिचा हप्ता सांभाळून घेतला. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हा बाईच्या सहीवर कर्ज मिळू लागलं, हे खरंच मोठं पाऊल होतं. पण सही कर्जावर तिची आणि मालकी कागदावर दुसऱ्याची, ही गाठ सुटलेली नाही. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून जमिनीच्या उताऱ्यावर बायकांची नावं लावायला सांगितलं होतं. कित्येक गावांनी ती लावली. मोटारीसाठी अशी मोहीम कुणी काढली नाही. तशी गरजही नाही, कारण फॉर्म ३० वर खरेदीदाराच्या रकान्यात बाईचं नाव लिहायला कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. नवऱ्याच्याच नावावर घ्यायची असेल तर निदान वारस म्हणून आपलं नाव टाकून घ्या, २०२१ पासून आरसीमध्ये तशी सोय आहे.

गटाकडे गाडीसाठी अर्ज आला तर पैसे देण्याआधी आम्ही आता गाडीचा नंबर मागतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत कळते. थकलेले दंड ई-चलनवर दिसतात. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघतो, नाहीतर आरटीओत कामं अडतात. आणखी एक, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. बाजाराला जाताना डिझेलचे पैसे वाटून घेणं वेगळं आणि रोजच्या सीटा मारणं वेगळं. विमा कंपनी नेमकं तेच धरते.

राहिलं लायसन. स्वतःच्या चारचाकीचं लायसन काढायला शाळेची अट नाही. आठवी पासची जी अट होती ती मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी होती, २०१९ मध्ये तीही काढली. वय अठरा पूर्ण हवं, लर्निंगची परीक्षा मराठीत देता येते, आणि लर्निंग मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. आरटीओचे लोक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी कॅम्प घेतात. पुढच्या कॅम्पची तारीख कळली की आम्ही रेडिओवर सांगू. आधार कार्ड, चार फोटो आणि चष्मा असेल तर तोही घेऊन या.