ऑक्सिजनसंवेदी प्रथिने

भोवतालच्या ऑक्सिजनचे प्रमाण ओळखून पेशीचे कामकाज त्यानुसार बदलणारी प्रथिने. जीवाणू, वनस्पती आणि प्राणी या तिन्हींत ती असतात, पण त्यांची रचना एकसारखी नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला ऑक्सिजन धरता-सोडता येतो, तरी त्याची गणना यांत करत नाहीत, कारण ते वाहतुकीचे प्रथिन आहे. संवेदी प्रथिनाला पुढचे काम असते. ऑक्सिजन घटल्याचा निरोप त्याने जनुकांपर्यंत किंवा चेतातंतूंपर्यंत पोचवावा लागतो.

प्राण्यांतील यंत्रणा : सर्वांत बारकाईने अभ्यासलेली यंत्रणा ‘एचआयएफ’ या प्रथिनाभोवती फिरते. त्याचे अल्फा व बीटा असे दोन घटक आहेत. बीटा पेशीत कायम हजर असतो. अल्फा मात्र पेशी अखंड तयार करते आणि तितक्याच तत्परतेने मोडीत काढते. पुरेसा ऑक्सिजन असताना त्याचे अर्धायुष्य ५ मिनिटांहूनही कमी भरते.

मेख अशी की, या मोडण्याच्या कामाला ऑक्सिजनच लागतो. प्रोलिल हायड्रॉक्सिलेझ हे एंझाइम ऑक्सिजनच्या रेणूतील एक अणू अल्फाच्या साखळीतील ४०२ व ५६४ क्रमांकांच्या प्रोलीनवर बसवते. दुसरा अणू २-ऑक्सोग्लुटारेट या सहभागी रेणूकडे जातो. एंझाइमच्या गाभ्यात लोहाचा एक अणू असतो आणि तो कार्यक्षम स्थितीत ठेवायला क जीवनसत्त्वाची मदत होते. प्रोलीनवर हायड्रॉक्सिल गटाची खूण उमटली की व्हीएचएल नावाचे प्रथिन अल्फाला येऊन चिकटते, त्यावर युबिक्विटिनचे रेणू चढवले जातात आणि प्रोटिएसोम त्याचे तुकडे करते. ऑक्सिजन कमी पडला की खूण उमटत नाही. अल्फा साचतो, केंद्रकात बीटाशी जोडी जमवतो आणि शेकडो जनुकांना चालना देतो. त्यांतून तांबड्या पेशींची निर्मिती वाढते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ग्लुकोजपासून ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्यावर भर येतो.

एवढे प्रथिन करून लगेच फेकून देणे हा उधळेपणा वाटेल. पण टंचाई जाणवल्यावर शून्यापासून सुरुवात करण्यापेक्षा चालू असलेली मोडतोड थांबवणे केव्हाही जलद. शिवाय या एंझाइमची ऑक्सिजनवरची पकड मुळातच ढिली आहे. ऊतींत एरवी जेवढा ऑक्सिजन असतो तेवढ्याने ते पूर्ण वेगाला पोचतच नाही, म्हणून ऑक्सिजन थोडा जरी खालीवर झाला तरी त्याचा वेग बदलतो. मापकासाठी हा दोष नव्हे, गुणच म्हणायला हवा.

शोधाचा इतिहास : सुरुवात मूत्रपिंडापासून झाली. उंचावर गेल्यावर किंवा रक्तस्रावानंतर मूत्रपिंडातील काही पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात व अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मिती वाढते, हे आधीच ठाऊक होते. ऑक्सिजन घटल्याचे त्या जनुकाला कळते कसे, हा प्रश्न बाल्टिमोरमध्ये ग्रेग सेमेन्झा आणि ऑक्सफर्डमध्ये मूत्रपिंडविकारतज्ज्ञ पीटर रॅटक्लिफ यांनी १९९०च्या सुमारास हाती घेतला. एरिथ्रोपोएटिन न बनवणाऱ्या पेशींतही हीच संवेदनयंत्रणा असते, हे लवकरच दिसून आले; विषय तिथून एका अवयवापुरता उरला नाही. सेमेन्झांच्या प्रयोगशाळेने १९९५मध्ये एचआयएफ शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

दुसरा धागा कर्करोगाकडून आला. व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ या आनुवंशिक विकारात डोळ्यांत, अनुमस्तिष्कात आणि मूत्रपिंडांत रक्तवाहिन्यांनी गजबजलेल्या गाठी होतात. बोस्टनचे विल्यम केलिन यांना त्या गाठींच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असूनही उपाशी असल्यासारख्या वागताना दिसल्या. व्हीएचएल प्रथिन सदोष असल्याने तिथे अल्फा मोडलाच जात नव्हता. व्हीएचएल व एचआयएफ यांचा संबंध रॅटक्लिफ यांच्या गटाने १९९९मध्ये दाखवला; प्रोलीनवरील खुणेचा शोध २००१मध्ये केलिन व रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी स्वतंत्रपणे लावला. तिघांना २०१९चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यक विषयातील नोबेल पारितोषिक मिळाले.

कोबाल्टचे क्षार दिले की भरपूर ऑक्सिजनातही एरिथ्रोपोएटिन वाढते, ही गोष्ट या साऱ्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. रक्तक्षयावर एके काळी ते औषध म्हणूनही दिले जात. लोह बांधून ठेवणाऱ्या डेसफेरिऑक्सामीननेही पेशीची अशीच फसगत होते. या दोन्हींवरून संवेदकात लोह असावे असा तर्क होता. तो खरा ठरला.

वैद्यकीय उपयोग : मूत्रपिंडे निकामी होत गेली की एरिथ्रोपोएटिन कमी पडते आणि रक्तक्षय होतो. डायलिसिसवरील रुग्णांना त्यासाठी इंजेक्शने घ्यावी लागतात. हायड्रॉक्सिलेझला रोखणाऱ्या गोळ्या शरीराचे स्वतःचे एरिथ्रोपोएटिन वाढवतात; रॉक्साडुस्टॅट त्यांपैकी एक. अहमदाबादच्या झायडस कंपनीने विकसित केलेल्या डेसिडुस्टॅटला भारतात २०२२मध्ये मान्यता मिळाली. याच्या नेमके उलट काम बेल्झुटिफान करते. ते एचआयएफच्या ‘एचआयएफ-२’ या प्रकाराला रोखते आणि व्हॉन हिप्पेल-लिंडाऊ विकारातील गाठींसाठी अमेरिकेत २०२१पासून वापरात आहे.

उंचीवरचे लोक : मैदानातला माणूस दीर्घकाळ उंचावर राहिला की त्याचे रक्त दाट होते. तिबेटी लोकांत तसे फारसे होत नाही. त्यांच्यात एचआयएफ-२ व हायड्रॉक्सिलेझ यांच्या जनुकांची वेगळी रूपे आढळतात, असे २०१०मधील संशोधनांतून पुढे आले. यांपैकी एचआयएफ-२चे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आल्याचे २०१४मध्ये दाखवण्यात आले.

वनस्पती : इथे खूण सिस्टीन या अमिनो आम्लावर उमटते. काही नियंत्रक प्रथिनांच्या टोकाशी सिस्टीन असते. ऑक्सिजन असेतो त्याचे ऑक्सिडीकरण होऊन प्रथिन मोडले जाते. मुळे पाण्याखाली गेली की ते टिकते आणि तगून राहण्याची जनुके चालू करते. ओडिशातील एफआर१३ए या भातवाणात सापडलेले सब१ए प्रथिन याच कुळातले, पण ते या मोडतोडीतून निसटते. ते रोपाची उंच वाढण्याची धडपड थांबवून साठा राखते, त्यामुळे रोप सुमारे दोन आठवडे बुडून राहिले तरी पुन्हा धरते. ‘स्वर्णा-सब१’ हा वाण त्यातूनच आला.

जीवाणू : आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूच्या एफएनआर प्रथिनात लोह व गंधकाचा झुबका असतो. ऑक्सिजन लागताच तो विस्कटतो, प्रथिनाची जोडी सुटते आणि डीएनएवरची पकड जाते. मेथी व लसूणघास यांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जीवाणूत फिक्सएल हे प्रथिन आहे. ते हीमोग्लोबिनप्रमाणे हीमनेच ऑक्सिजन धरते. ऑक्सिजन सुटला की मात्र त्याचे दुसरे टोक जागे होते आणि नत्र स्थिरीकरणाच्या जनुकांना चालना मिळते. ते काम करणारे नायट्रोजिनेझ हे एंझाइम ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून गाठीच्या आत ऑक्सिजन पुरेसा घटल्याशिवाय ते बनवणे परवडत नाही.

मर्यादा : एचआयएफची प्रतिक्रिया उमटायला मिनिटे ते तास लागतात. श्वास कोंडल्यावर काही सेकंदांत जी धडपड सुरू होते तिच्यामागे कार्बन डायऑक्साइडची वाढ आणि मानेतील कॅरोटिड पिंडाकडून जाणारे संदेश असतात. या पिंडाच्या कार्याबद्दल कॉर्नेल हेमन्स यांना १९३८चे नोबेल मिळाले. ऑक्सिजन घटताच तिथल्या पेशींचे पोटॅशियम मार्ग बंद होतात व संदेश मेंदूकडे निघतो. मात्र पहिली चाहूल कोणत्या प्रथिनाला लागते यावर संशोधकांत अद्याप एकमत नाही. पेशीतील तंतुकणिकांकडे बोट दाखवणारा पक्ष सध्या वरचढ दिसतो.