बॅटरीच्या पहाऱ्याची कुळकथा

हर्सूलहून फुलंब्री, सिल्लोड करीत अजिंठ्याकडे निघालेली एखादी कॅराव्हॅन वाटेत मुक्कामाला थांबली, तर तिच्यातील दिवे, पंखा आणि फ्रिज रात्रभर ज्या बॅटरीवर चालतात ती पहाटेपर्यंत साफ उतरू नये, ह्याची तजवीज तळहाताएवढे एक यंत्र करते. त्या यंत्राचे कूळ शोधू गेल्यास आपण 1859 सालापर्यंत मागे जातो.

त्या वर्षी गास्ताँ प्लान्ते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून पुनःपुन्हा भरता येणारा पहिला विद्युत्घट सिद्ध केला. पुढे 1882 च्या सुमारास ग्लॅडस्टन आणि ट्राइब ह्या शास्त्रज्ञांनी दाखविले की, घट रिता होताना दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. हे सल्फेट ताजे असता भारणीने विरघळते. परंतु उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की त्याचे टणक स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज भरली तरी गेलेली क्षमता परत येत नाही.

आम्ल पातळ होते, हेच पहिल्या पहारेकऱ्याचे भांडवल. हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून सोडला की काचेच्या नळीत आम्ल चढते आणि आतला तरंगक भरलेल्या घटात 1.270 च्या आसपास, तर रित्या घटात 1.150 च्याही खाली घनतेची रेघ दाखवितो. साऱ्या कुळात इतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही, असे माझे मत आहे; मात्र तो रात्री जागत नाही.

म्हणून बॅटरीचा विद्युत्दाब, म्हणजे व्होल्टेज, पाहून वीज तोडणारा रिले आला. बारा व्होल्टची विसावलेली बॅटरी भरलेली असता 12.6 ते 12.7 आणि अर्धी असता सुमारे 12.2 व्होल्ट दाखविते. पण पंप सुरू होताच दाब क्षणभर खाली येतो, भार काढताच पुन्हा वर चढतो, आणि तोडण्याच्या व जोडण्याच्या पातळीत पुरेसे अंतर नसल्यास रिलेची टकटक रात्रभर थांबत नाही. ह्यावर उपाय म्हणजे ऋण तारेत बसविलेला शंट, जो आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासाचा जमाखर्च ठेवतो. मात्र 1897 साली पॉयकर्ट ह्या शास्त्रज्ञाने दाखविल्याप्रमाणे, जितक्या जोराने वीज ओढावी तितकी ती एकंदरीत कमी मिळते, हा वटावही त्यात धरावा लागतो. तलावाच्या मृतसाठ्याला हात लावीत नाहीत, तसा हर्सूलच्या तलावाकाठी उतरलेल्या प्रवाशानेही शिशाच्या बॅटरीचा खालचा अर्धा भाग शिल्लकच ठेवावा.

अलीकडच्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत तर दाब जवळजवळ शेवटपर्यंत 13 व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो आणि अखेरीस एकाएकी कोसळतो. तेथे दाबाच्या साक्षीवर भिस्त ठेवणे व्यर्थ, जमाखर्चच खरा.