हरवलेल्या टिपणांचा शोध

प्रबंध असो वा शोधनिबंध, संशोधकाची खरी पुंजी त्याच्या टिपणांत असते. ग्रंथ ग्रंथालयात पुन्हा मिळतो, लेख पुन्हा उतरवून घेता येतो. परंतु तो वाचताना मनात उमटलेली शंका, दोन ग्रंथकारांच्या विधानांतील विसंगतीवर केलेली खूण, अवतरणापुढे लिहून ठेवलेला पृष्ठक्रमांक या गोष्टी एकदा गेल्या की त्यांची नक्कल कुठेही मिळत नाही. पूर्वीच्या पिढीने ही पुंजी कार्डांच्या खोक्यांत जपली. त्या कार्डांना वाळवी लागत असे, पण एक कळ दाबताच सारी खोकी रिकामी होत नसत. आज हे काम झोटेरो, मेंडेली, एंडनोट यांसारख्या संदर्भ व्यवस्थापन करणाऱ्या संगणक प्रणालींकडे आले आहे आणि 'माझी टिपणे दिसत नाहीत' ही तक्रारही त्यांच्यासोबत आली आहे.

यात दिलाशाची बाब अशी की, हरवलेली वाटणारी टिपणे पुष्कळदा संगणकातच असतात. ती कायमची जातात ती अनेकदा शोधाशोधीच्या घाईत. म्हणून टिपण दिसेनासे झाले की प्रथम इंटरनेटची जोडणी काढावी, प्रणाली बंद करावी आणि मगच पुढचा विचार करावा. हे का, ते पाहण्यासाठी या प्रणालींचा कारभार थोडा समजून घ्यावा लागेल. त्यासाठी येथे प्रामुख्याने झोटेरोचे उदाहरण घेतले आहे, कारण ती विनामूल्य आहे आणि तिची माहिती उघड स्वरूपात साठवलेली असते.

झोटेरोचा जन्म 2006 साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात झाला. हे केंद्र स्थापन करणारे रॉय रोझेनझ्वाइग हे इतिहासकार. डिजिटल युगातील कागदपत्रे किती सहज नष्ट होऊ शकतात, याविषयी त्यांनी 2003 मध्येच एक गाजलेला निबंध लिहिला होता. ('झोटेरो' हे नाव आत्मसात करणे, प्रभुत्व मिळवणे या अर्थाच्या अल्बेनियन क्रियापदावरून घेतले आहे.) आरंभी ही प्रणाली फायरफॉक्स न्याहाळकाला जोडलेली पुरवणी होती. 2017 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ती पूर्णपणे स्वतंत्र झाली आणि तिची माहिती फायरफॉक्सच्या फोल्डरमधून वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरातील 'झोटेरो' नावाच्या फोल्डरमध्ये आली.

टिपण राहते कुठे?

या फोल्डरमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे 'स्टोरेज' नावाचा उपफोल्डर. त्यात पीडीएफ व इतर जोडफायली असतात. दुसरी म्हणजे 'झोटेरो डॉट एस्क्यूलाइट' ही एकच फाइल. ग्रंथांच्या नोंदी, त्यांचे वर्गीकरण आणि तुम्ही लिहिलेले प्रत्येक टिपण या एका फायलीत असते. केवळ 'स्टोरेज'ची नक्कल काढून निर्धास्त राहणाऱ्याकडे लेख उरतात, टिपणे उरत नाहीत.

आणखी एक बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 2022 च्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोतच पीडीएफ वाचण्याची व त्यावर रंगीत खुणा करण्याची सोय झाली. या खुणा पीडीएफवर केलेल्या दिसतात, पण साठवल्या जातात त्या वरील फायलीतच. स्टोरेजमधील पीडीएफ अन्य वाचकप्रणालीत उघडली तर ती कोरी दिसते. खुणांसह प्रत हवी असेल तर ती 'फाइल' यादीतून मुद्दाम निर्यात करावी लागते.

हरवले की दडले?

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी टिपण खरोखर गेले आहे का, हे पाहावे. झोटेरोतील बहुतांश टिपणे एखाद्या ग्रंथाच्या नोंदीखाली असतात आणि ती नोंद उलगडल्याखेरीज दिसत नाहीत. शोधपेटी केवळ शीर्षक, लेखक व वर्ष यांपुरती मर्यादित ठेवलेली असेल तर टिपणांतील मजकूर शोधला जात नाही. तेथे 'सर्व क्षेत्रे' वा 'सर्व काही' हा पर्याय निवडावा. डाव्या कोपऱ्यात एखादी खूणचिठ्ठी, म्हणजे टॅग, निवडलेली राहिली तरी उरलेली यादी अदृश्य होते. शोध नेहमी एखाद्या संग्रहात न करता 'माय लायब्ररी'त करावा, कारण संग्रहातून काढलेली नोंद तेथे शाबूत असते.

संपूर्ण ग्रंथालयच रिकामे दिसत असेल तर झोटेरो भलत्याच फोल्डरकडे पाहत असण्याचा संभव मोठा. संगणक बदलल्यावर, नवे वापरकर्ता खाते उघडल्यावर किंवा मधली कित्येक वर्षे प्रणाली न वापरल्यास असे घडते. अशा वेळी सगळ्या डिस्कवर त्या नावाची फाइल शोधावी. एकाहून अधिक सापडल्यास आकाराने मोठी असलेली बहुधा आपली.

टिपण पुसले गेले असेल तर 'ट्रॅश' उघडावा. तेथे ते आपल्या मूळ नोंदीखाली, फिकट अक्षरांतील शीर्षकाच्या आत असू शकते. ते निवडून ग्रंथालयात परत आणता येते. सेटिंग्ज न बदलल्यास 30 दिवसांहून जुना ट्रॅश आपोआप रिकामा होतो, हे मात्र लक्षात असावे. आणि टिपण जागेवर आहे पण त्यातील मजकूरच पुसला गेला असेल, तर ट्रॅशचा उपयोग नाही. टिपणाच्या आधीच्या आवृत्त्या झोटेरो जपून ठेवत नाही. मग मदार राहते ती राखीव प्रतीवर.

राखीव प्रत आणि घाईची किंमत

झोटेरो ठरावीक काळाने आपल्या मुख्य फायलीची प्रत स्वतःच काढते. तिच्या नावाच्या शेवटी बी-ए-के ही अक्षरे असतात. त्याआधी आकडा असलेली आणखी जुनी प्रतही कधी कधी सोबत सापडते. यासाठी कोणतेही बटण दाबावे लागत नाही. पण नवी प्रत निघाली की जुनी मागे ढकलली जाते आणि अखेर नाहीशी होते. दोन-चार दिवस प्रणाली चालू-बंद करत शोधाशोध केली, तर चांगल्या प्रतीच्या जागी टिपण नसलेली प्रत येऊन बसते. यासाठीच वर प्रणाली बंद करण्यास सांगितले. त्यानंतर लगेच हा संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा आणि पुढचे सर्व प्रयोग त्या नकलेवर करावेत.

नकलेतील मुख्य फायलीचे नाव बदलून बाजूला ठेवावी, राखीव प्रतीला मुख्य फायलीचे नाव द्यावे आणि सेटिंग्जमधून झोटेरोला या फोल्डरकडे वळवावे. स्वयंचलित जुळवणी, म्हणजे 'सिंक', त्याआधीच बंद केलेली हवी. ती चालू राहिली तर सर्व्हर 'हे टिपण पुसलेले आहे' अशी वर्दी देतो आणि परत मिळालेले टिपण डोळ्यांदेखत पुन्हा जाते. टिपण दिसताच त्याचा मजकूर साध्या मजकूर फायलीत उतरवून घ्यावा आणि मूळ फोल्डरकडे परतून तो नव्या टिपणात चिकटवावा. सर्व्हरवरील ग्रंथालय पूर्णपणे बदलून टाकण्याची सोयही आहे, पण तिने मधल्या काळात केलेले नवे कामही पुसले जाते. चार टिपणांसाठी तो मार्ग धरू नये.

ज्यांना संगणकाची थोडी अधिक ओळख आहे त्यांच्यासाठी याहून सुरक्षित वाट आहे. ही फाइल एस्क्यूलाइट या सर्वपरिचित पद्धतीची असल्याने 'डीबी ब्राउझर फॉर एस्क्यूलाइट' हे विनामूल्य साधन वापरून तिची नक्कल थेट उघडता येते. 'आयटमनोट्स' नावाच्या तक्त्यात सर्व टिपणे ओळीने वाचायला मिळतात. झोटेरो सुरूच न केल्याने सिंकचा प्रश्न उद्भवत नाही.

सिंक म्हणजे राखीव प्रत, हा समज सर्वाधिक घात करतो. सिंक आपली चूकही तितक्याच तत्परतेने सर्व यंत्रांवर पोहोचवते. एकच टिपण दोन संगणकांवर बदलले गेल्यास कोणते ठेवायचे, असा प्रश्न झोटेरो विचारते. त्या चौकटीत न वाचता होकार देणे म्हणजे एका बाजूचे लेखन टाकून देणे. उलट, सिंकला उशीर झाला असेल तर तोच उशीर कामी येतो. झोटेरोच्या संकेतस्थळावर दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करून टिपण तेथे शिल्लक आहे का, ते पाहावे. घरी किंवा विभागात एखादा संगणक बरेच दिवस बंद असेल, तर तो सुरू करण्यापूर्वी त्याची इंटरनेटची तार काढावी. गेलेले टिपण त्यात जसेच्या तसे असू शकते.

ड्रॉपबॉक्स वा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये झोटेरोचा मूळ फोल्डर ठेवणे हाही असाच फसवा उपाय. प्रणाली फायलीत लिहीत असतानाच ती वर चढवली गेली तर फाइल बिघडू शकते. तसे झाल्यास झोटेरोने संकेतस्थळावर दुरुस्तीचे साधन दिले आहे. तेथे बिघडलेली फाइल पाठवून दुरुस्त प्रत मिळते.

मेंडेलीची स्थिती निराळी. 2007 साली लंडनमध्ये सुरू झालेला हा उपक्रम 2013 मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीने विकत घेतला. 2018 च्या आवृत्तीपासून संगणकावरील फाइल सांकेतिक स्वरूपात ठेवली जाऊ लागली, त्यामुळे ती बाहेरच्या साधनाने वाचण्याची वाट बंद झाली. मेंडेली डेस्कटॉप ही जुनी प्रणाली सप्टेंबर 2022 पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. आपल्याच टिपणांची किल्ली दुसऱ्याच्या हाती असावी का, हा प्रश्न प्रणाली निवडतानाच विचारलेला बरा. एंडनोटमध्ये ग्रंथालयाची मुख्य फाइल आणि त्याच नावाचा 'डेटा' फोल्डर ही जोडी असते. एकच उचलून नेले तर जोडफायली मागे राहतात.

टिपण परत न मिळण्याची किंमत केवळ पुन्हा वाचनाची नाही. अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक टिपणासोबत गेले की दुसऱ्याचे वाक्य आणि आपले वाक्य यांतील सीमारेषा पुसली जाते. वाङ्मयचौर्याविषयीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत प्रबंधातील साम्य 60 टक्क्यांहून अधिक आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. तेथे 'टिपणे हरवली' हा खुलासा फारसा कामी येणार नाही.

राखीव प्रतीचे काम मात्र पाच मिनिटांचे आहे. आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावा आणि फोल्डरच्या नावात तारीख घालावी. आधीच्या आठवड्याच्या फोल्डरवर तो लिहू नये. निदान तीन-चार जुने फोल्डर शिल्लक ठेवावेत, कारण टिपण नाहीसे झाल्याचे पुष्कळदा महिन्याभराने, त्या प्रकरणाचे लेखन सुरू झाल्यावर कळते.